ठरलेला उतारा

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या वेळी नामान सेनापतीची गोष्ट वाचतात. वसईत असो, रोममध्ये असो की मनिलात, त्या दिवशीचा उतारा हाच. 'दुसरे राजे' या पुस्तकाचा पाचवा अध्याय. नामान हा अराम देशाचा सरसेनापती, पराक्रमी, राजाच्या मर्जीतला, पण अंगावर कोड फुटलेले. त्याच्या बायकोच्या हाताखाली इस्राएलातून लुटीत पळवून आणलेली एक पोरगी असते. शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते, एवढेच ती बाईसाहेबांना म्हणते. त्या एका वाक्यावर नामान चांदी, सोने, उंची पोशाख आणि रथ घेऊन निघतो. संदेष्टा अलीशा त्याला भेटायला दारातही येत नाही. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, असा निरोप तेवढा आतून येतो. नामान भडकतो. आमच्या दिमिष्कातल्या अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत? चाकर त्याची समजूत घालतात: धनी, काही अवघड सांगितले असते तर केलेच असते ना, मग हे तर सोपे आहे. नामान पाण्यात उतरतो आणि लहान मुलासारखी कातडी घेऊन बाहेर येतो.

ही गोष्ट वज्रेश्वरीला बसून वाचावी. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या गावांच्या परिसरात गरम पाण्याची कुंडे आहेत. कोकणभर असे झरे आहेत: रायगडात उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, खाली राजापूर. वज्रेश्वरीच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. खरूज-नायट्याने, सांधेदुखीने गांजलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येत आली आहेत. कुंडाच्या पायरीवर बसलेला माणूस गुजराती आहे, आगरी आहे, वारली आहे की वसईकडचा ख्रिस्ती, हे पाण्यात उतरल्यावर सांगता येत नाही. हेच पाणी का, घरचे तापवलेले का नको, हा नामानाचा प्रश्न इथल्या कुणालाही चटकन कळेल. आणि त्याच्या चाकरांचे उत्तरही.

पण या कथेतली सगळ्यात मोठी व्यक्ती मला ती पोरगी वाटते. लेखकाने तिचे नाव दिलेले नाही. आईबापांपासून तोडून परक्या घरात कामाला जुंपलेल्या त्या मुलीने धन्याचे दुखणे पाहून मनातल्या मनात समाधान मानले असते, तरी तिला कुणी बोल लावला नसता. तिने त्याला बरे होण्याची वाट दाखवली. कथा पुढे सेनापतीबरोबर जाते, आणि ती घरी परतली की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. दर वर्षी हा उतारा कानावर पडतो तेव्हा ऐकणाऱ्याला हळूहळू सेनापतीपेक्षा तीच जास्त दिसू लागते. वाचनाचा हा गुण एका वाचनाने हाती लागत नाही. तो उतारा फिरून फिरून यावा लागतो, आणि आपल्या निवडीने न येता यावा लागतो.

हे प्रकरण त्या ठरलेल्या उताऱ्यांविषयी आहे. ख्रिस्ती माणूस सकाळी आणि सांजेला बायबल उघडतो तेव्हा कुठले पान उघडायचे हे बहुतेक वेळा त्याने ठरवलेले नसते. तारखेने, वाराने, ऋतूने, कुणीतरी शतकानुशतके आधी आखलेल्या तक्त्याने ते ठरवलेले असते. आजच्या माणसाला हे जाचक वाटण्याचा संभव आहे. माझे मत उलट आहे. नेहमीच्या आवडीचे पान उघडणारा माणूस स्वतःचाच आवाज ऐकत राहतो.

नामानाची गोष्ट त्या सोमवारी का, याला कारण आहे. पहिल्या शतकांत उपवासकाळ ही ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीची मुदत होती, आणि बाप्तिस्मा म्हणजे पाणी. म्हणून उपवासकाळाच्या उत्तरार्धात वाचनांतून पाणी वाहत राहते. तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी तिसऱ्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी स्त्री येते, चौथ्या रविवारी शिलोहाच्या तळ्यात डोळे धुणारा जन्मांध येतो. ईस्टरच्या जागरणात तांबडा समुद्र दुभंगल्याचे वाचन कधीही गाळायचे नाही असा नियम आहे. आणि नामानानंतर आठच दिवसांनी, चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दोन उतारे जोडीने येतात. एक यहेज्केलाच्या ४७व्या अध्यायातला, दुसरा योहानाच्या पाचव्या.

यहेज्केलाला दृष्टान्तात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघताना दिसते. माप घेणारा पुरुष त्याला हजार हात पुढे नेतो, पाणी घोट्यापर्यंत. आणखी हजार, गुडघ्यापर्यंत. आणखी हजार, कमरेपर्यंत. पुढे नदी इतकी की पायी पार होता येत नाही. ती खाऱ्या समुद्राला मिळते आणि तो गोडा होतो, मासळीने भरतो. योहानाच्या उताऱ्यात यरुशलेमेतल्या बेथेसदा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस पडलेला आहे. पाणी उसळले की आपल्याला त्यात सोडणारे कुणी नाही, ही त्याची तक्रार. येशू त्याला पाण्यात नेतच नाही, बाज उचलून चालायला सांगतो.

या सोमवार-मंगळवारची सांगड ज्याने घातली त्याने एकही शब्द न लिहिता प्रवचन केले आहे. आठ दिवसांपूर्वी पाण्याने बरा झालेला माणूस, आज पाण्यावाचून बरा झालेला माणूस. कुंडाचे पाणी खरेच गुणकारी असते आणि तरी सगळे त्या पाण्यातच नसते, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. नामानाला नम्र व्हायला पाणी लागले. ३८ वर्षे वाट पाहणाऱ्याला नम्र करायचे काहीच उरले नव्हते, त्याला कुणीतरी विचारणारे हवे होते.

तक्ता आखणारे मात्र चुकत नाहीत असे नाही. यहेज्केलाचा उतारा पहिल्या ओवीपासून नवव्यापर्यंत वाचतात, मग एकदम बारावी. मधली अकरावी ओवी गाळलेली आहे, आणि तिच्यात म्हटले आहे की दलदली आणि खाजणे गोडी होणार नाहीत, ती मिठासाठी राखून ठेवली जातील. वसईची, भाईंदरची खाजणे आणि मिठागरे पाहिलेल्या माणसाला ही ओवी गाळलेली पाहून हळहळ वाटेल. सगळे खारे गोडे करणारी नदीसुद्धा माणसाच्या जेवणाला लागेल तेवढे मीठ मागे ठेवते, इतका व्यवहार त्या दृष्टान्तात आहे. त्या मंगळवारी घरी पूर्ण अध्याय वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वज्रेश्वरी हे ख्रिस्ती क्षेत्र नव्हे, पण वसईच्या ख्रिस्ती इतिहासाशी तिची गाठ पक्की आहे. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसईवर चालून गेले तेव्हा त्यांनी या देवीला नवस बोलला, आणि किल्ला हाती आल्यावर देवीचे देऊळ बांधले गेले, अशी परंपरा आहे. टेकाडावरचे ते देऊळ तटबंदीमुळे आणि नगारखान्यामुळे आजही गढीसारखे दिसते. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये मिळवलेली वसई दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये पडली. गोरे लोक जहाजांत बसून गेले. देशी ख्रिस्ती शेतकरी, कोळी, बागायतदार मागे राहिले, आणि तहात त्यांच्या धर्माचरणाला मुभा ठेवलेली होती. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा आणि भीमाशंकरची घंटा या त्यांतल्याच मानल्या जातात.

या घंटांचा विचार मनातून जात नाही. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला वाजते, ऐकणाऱ्याने हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणावी म्हणून. जेत्यांनी ती उचलून नेली आणि आपल्या देवळात आरतीच्या वेळी वाजवली. धातू तोच, वेळही साधारण त्याच, सूर्य उगवण्याची आणि मावळण्याची.

सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळा ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेल्या नाहीत. यरुशलेमेच्या मंदिरात रोज दोन कोकरे अर्पण होत, एक सकाळी, एक मावळतीला. तशी आज्ञा निर्गमाच्या २९व्या अध्यायात आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की देव एकच आहे, त्याच्यावर सगळ्या जिवाने प्रेम करावे, आणि हे शब्द मुलांना शिकवावेत, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता ते बोलावेत. निजता आणि उठता. त्यावरून यहुदी माणूस ही 'शमा' सकाळी आणि रात्री म्हणतो. सगळ्यात मोठी आज्ञा कुठली असे येशूला विचारले तेव्हा त्याने याच शब्दांनी उत्तर सुरू केले, असे मार्काने लिहिले आहे.

आणि बायबलमधला हा पहिला सकाळ-संध्याकाळचा पाठ उत्तर कोकणात फार जुना आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या कुटुंबांचे आपण वंशज, असे सांगणारे बेने इस्राएल अलिबागच्या परिसरात तेल गाळून राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ गेले, बहुतेक सण विसरले गेले. टिकली ती सुंता, शनिवार, खाण्याचे काही नियम आणि शमा. ठाण्यात १८७९ मध्ये त्यांचे सिनेगॉग उभे राहिले तेव्हा या समाजाला ग्रंथ, गुरू, छापील मराठी पुस्तके सगळे मिळाले होते. त्याआधीची शतके त्यांनी त्या काही ओळींवर काढली. पोथी हरवली तरी रोज म्हटलेले मागे राहते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

ख्रिस्ती मठांत हा वारसा स्तोत्रसंहितेच्या रूपाने आला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना नियम घालून दिला की १५० स्तोत्रे दर आठवड्याला पुरी झाली पाहिजेत. त्याहून कमी म्हणणारा आळशी, कारण आपले पूर्वज एका दिवसात सगळी म्हणत, असेही त्याने बजावले आहे. पण हे लॅटिन वाचता येणाऱ्यांचे काम. ज्याला अक्षर येत नाही त्याने काय करावे?

याचे उत्तर वसईच्या मातीत जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडते. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मला, जपानात व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. तो धर्मगुरू नव्हता. संत फ्रान्सिसच्या १२२३ च्या नियमात अशा ब्रदरांसाठी स्तोत्रांऐवजी प्रभूची प्रार्थना मोजून दिलेली आहे: उत्तररात्रीच्या प्रार्थनेला २४ वेळा, पहाटेला ५, दिवसाच्या चार घटकांना सात-सात, सांजेला १२, निजताना ७. बेरीज ७६. जपानी भाषा येणारा, दुभाष्याचे काम करणारा हा वसईकर रोज ज्या प्रार्थनेला बांधलेला होता ती अशी होती. तीत नवे वाचन काही नाही. एकच प्रार्थना ७६ वेळा, वेळेवर.

जपमाळही याच गरजेतून रूढ झाली. १५० स्तोत्रे वाचता न येणाऱ्याने मरियेची प्रार्थना १५० वेळा म्हणावी आणि म्हणता म्हणता येशूच्या जन्माचे, दुःखाचे, पुनरुत्थानाचे प्रसंग मनात आणावेत. वसईच्या वाड्यांतून तिन्हीसांजेला घरातल्या अल्तारापुढे सगळे गुडघे टेकून जी रोजरी म्हणतात ती अक्षरशून्य माणसाची स्तोत्रसंहिता आहे. १७३९ नंतर धर्मगुरू थोडे, शाळा नाहीत, मराठी बायबल नाही, अशा काळात इथल्या ख्रिस्ती घरांची सांजेची प्रार्थना हिच्यावर उभी राहिली. आजी म्हणते, बाकीचे उत्तर देतात. शुभवर्तमानातले प्रसंग आजीच्या तोंडून नातवंडांना पाठ होतात. हे बायबल वाचन नव्हे असे कुणी म्हणेल, मला तसे म्हणवत नाही.

मराठीत येशूची कथा नव्हती असेही नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळजवळ ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ते गोव्याच्या चर्चमधून वाचले जाई, लोक ते ऐकत. पण ते पुराण होते, सणावारी ऐकायचे. रोजच्या सकाळचे आणि सांजेचे पुस्तक मराठीत यायला आणखी दोन शतके जायची होती.

ते दुसऱ्या दाराने आले. इंग्लंडच्या चर्चमध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये प्रार्थनेचे पुस्तक तयार केले. मठांतल्या सात-आठ वेळांच्या प्रार्थना आवळून त्यांनी दोन केल्या, प्रातःप्रार्थना आणि सायंप्रार्थना, आणि त्या लोकांच्या भाषेत, गावच्या चर्चमध्ये, सर्वांसाठी. प्रस्तावनेत त्यांची तक्रार मोठी मार्मिक आहे. बायबलचे एकेक पुस्तक सुरू व्हायचे आणि दोन-चार अध्यायांत सुटायचे, आणि नियम इतके गुंतागुंतीचे की वाचण्यापेक्षा काय वाचायचे ते शोधण्यातच जास्त वेळ जायचा. त्यांनी साधा हिशेब केला: जुना करार वर्षात बहुतेक सगळा एकदा, नवा करार तीनदा, आणि १५० स्तोत्रे दर महिन्याला एकदा. पहिल्या तारखेच्या सकाळी स्तोत्र १ ते ५, सांजेला ६ ते ८, असे करत तिसाव्या सांजेला १४७ ते १५०. महिना ३१ दिवसांचा असेल तर तिसाव्या तारखेचीच पुन्हा.

इंग्रजांबरोबर हे पुस्तक हिंदुस्थानात आले आणि त्याची मराठीही झाली. मराठी नवा करार विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये निघाला होता. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतःचे भाषांतर केले, पुढे बायबल सोसायटीने ते वारंवार सुधारून घेतले, बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांचे हात त्याला लागले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. मिशनमधल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा मुद्रिते तपासून जेमतेम पुरी झाली होती. ज्या स्त्रिया दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या त्यांना रोज सकाळी स्वतः वाचता यावे, एवढ्यासाठी एका विदुषीने उतारवयातली वर्षे दोन परक्या भाषांच्या व्याकरणात घातली. त्या भाषांतराची भाषा कुठे कुठे ओबडधोबड आहे, आणि तरी ते करण्यामागची कळकळ पानापानावर दिसते.

महिन्याच्या या तक्त्याची गंमत तारखेत आहे. ६५वे स्तोत्र बाराव्या तारखेच्या सांजेला येते. त्यात पाऊस आहे: देव जमिनीची भेट घेतो, नांगराच्या तासांना भिजवतो, ढेकळे विरघळवतो, खोरी धान्याने झाकतो. बारा जुलैला भिवंडी-वसईच्या शेतांत लावणी चाललेली असते, गुडघाभर चिखलात हे स्तोत्र डोळ्यांपुढे उभे असते. बारा नोव्हेंबरला भात झोडून झालेले असते किंवा व्हायचे असते. बारा एप्रिलला जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि तरी तेच म्हणायचे असते, भिजलेल्या तासांबद्दल आभार मानायचे असतात. एप्रिलातले ते आभार खोटे आहेत का? मला वाटते, खरे ते तेव्हाचेच. जुलैत आभार मानायला श्रद्धा फारशी लागत नाही. शिवाय हे स्तोत्र यरुशलेमेच्या कोरड्या डोंगरांत रचलेले आहे, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्या ऋतूंशी त्याची जुळणी तक्ता करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हती.

कॅथलिक वसईत हे दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाने लोकभाषेला मोकळीक दिली, बायबलचे भांडार लोकांपुढे सढळ हाताने उघडावे असे सांगितले, आणि सकाळची व सांजेची प्रार्थना या दिवसाच्या दोन बिजागऱ्या आहेत असे म्हटले. ती फक्त फादर आणि सिस्टर यांची राहू नये, साध्या लोकांनीही म्हणावी, असाही त्यात आग्रह आहे. १९६९ मध्ये मिस्साच्या वाचनांचा नवा तक्ता आला: रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र, इतर बहुतेक दिवसांसाठी दोन वर्षांचे. त्याआधी रविवारच्या वाचनांत जुना करार अगदी क्वचित कानावर पडे. पाठोपाठ प्रार्थनेचे नवे पुस्तक निघाले. बेनेडिक्टच्या आठवड्याऐवजी स्तोत्रे चार आठवड्यांवर पसरली. सकाळी जखऱ्याचे स्तोत्र, सांजेला मरियेचे, निजताना म्हाताऱ्या शिमोनाचे, तिन्ही लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतली, तशीच राहिली.

लॅटिन ऐकत आलेल्या वसईने मग मराठी ऐकली. घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलणाऱ्या शेतकऱ्याला प्रमाण मराठीतले बायबल काहीसे परके वाटणे साहजिक होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले ते या गरजेवर, आणि मराठी वाचकांनी ते चर्चच्या बाहेरही वाचले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते जुलै २०२४ मध्ये गेले. वसईच्या घरांतून रोजरीच्या जोडीला दिवसाचे शुभवर्तमान वाचण्याची सवय रुजवण्यात त्यांच्यासारख्यांचा वाटा मोठा आहे. फोनवर रोजचा उतारा येण्याचे दिवस नंतरचे.

एक अडचण मात्र जुनी आहे आणि ती टाळून हे प्रकरण पुरे होणार नाही. स्तोत्रांमध्ये शाप आहेत. १३७वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या कैद्यांचे आहे, त्याची सुरुवात सुंदर आहे आणि शेवट शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटण्याच्या इच्छेने होतो. नव्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली आणि १३७ च्या त्या शेवटच्या ओव्याही काढल्या. क्रॅन्मरच्या तक्त्यात ते स्तोत्र जसेच्या तसे अठ्ठाविसाव्या तारखेच्या सांजेला येते.

वगळणाऱ्यांचा हेतू मला समजतो. थकून घरी आलेल्या माणसाने झोपेआधी असले काही म्हणू नये. पण मी न वगळणाऱ्यांच्या बाजूचा आहे. वसईच्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी प्रार्थना चालल्या होत्या. तटाच्या आत याच स्तोत्रांचे लॅटिन पठण चालू होते, तटाबाहेरून देवीला नवस गेला होता, आणि मध्ये सुरुंग उडून माणसे मरत होती. युद्धात सापडलेली, मुले गमावलेली माणसे जे देवाला म्हणतात ते सभ्य नसते. ते बायबलने लपवलेले नाही. महिन्यातून एका सांजेला ते आपल्या तोंडून निघाले तर ते कुणाचे तरी म्हणून निघते, आपल्या सुरक्षित घरातून. आणि नामानाच्या घरातल्या त्या पोरीलाही असले शब्द म्हणण्याचा पुरा हक्क होता, हे त्या दिवशी आठवते.

रोजचा नेम धरणाऱ्याची गाडी अडते ती बहुधा खाड्यांमुळे. चार दिवस आजारपणात जातात, लग्नघरात जातात, मग राहिलेले सगळे एका बैठकीत भरून काढण्याचा बेत होतो आणि त्यात नेमच सुटतो. भरून काढू नये. पंधराव्या तारखेची सांज चुकली तर ७८वे स्तोत्र राहिले, लांबलचक, ७२ ओव्यांचे, मिसरातून निघालेल्या लोकांच्या विसरभोळेपणाची सगळी हकिकत सांगणारे. सोळाव्या सकाळी ७९ पासूनच सुरुवात करावी. ७८ पुढच्या महिन्यात त्याच तारखेला येईल.